क्लिप लाल झाली म्हणून घाबरू नका

व्हिडिओ एडिट करताना क्लिप लाल होऊन 'मीडिया ऑफलाइन' दिसलं म्हणजे फुटेज गेलं, असं नाही. प्रीमियर किंवा रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या प्रोजेक्टमध्ये मूळ व्हिडिओ नसतोच, फाइलचा फक्त पत्ता असतो. फोल्डरचं नाव बदललंत किंवा फाइल हलवलीत की तो पत्ता चुकतो.

सुरुवातीला एवढंच पाळा:

- इम्पोर्टच्या आधी प्रोजेक्टचा एक फोल्डर करा. आत फुटेज, ऑडिओ, ग्राफिक्स. नंतर नावं बदलू नका.
- मेमरी कार्डवरून थेट क्लिप ओढू नका. नवीन मंडळींची सगळ्यात जास्त गडबड इथेच होते: कार्ड काढलं की क्लिप लाल. आधी अख्खं कार्ड कॉपी करा, आतली फोल्डरं जशीच्या तशी ठेवून.

तरीही क्लिप सापडेना, तर प्रीमियरमध्ये तिच्यावर राइट क्लिक करून 'लिंक मीडिया' निवडा आणि फाइल दाखवा. त्याच फोल्डरमधल्या बाकीच्या क्लिप बहुतेक वेळा आपोआप जोडल्या जातात. रिझॉल्व्हमध्ये 'रीलिंक सिलेक्टेड क्लिप्स' आहे. लाल क्लिप प्रोजेक्टमधून डिलीट करून नव्याने इम्पोर्ट मात्र अजिबात करू नका. प्रीमियरमध्ये टाइमलाइनवरचे (म्हणजे क्लिप कापून-जोडून व्हिडिओ बनवतो त्या पट्टीवरचे) तिचे तुकडेही त्यासोबत जातात, आणि मेहनत त्या तुकड्यांतच असते.

प्रॉक्सी (एडिटिंगसाठीच्या हलक्या कॉपी), कॅशे (सॉफ्टवेअरच्या तात्पुरत्या फाइली) सध्या राहू द्या. पहिला व्हिडिओ पुरा झाला की सांगा, मग त्यावर बोलू.