नोव्हेंबरच्या विजयांचं वजन किती?

अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलबद्दल वाचकांनी विचारलेल्या काही प्रश्नांची उत्तरं या वेळी देत आहोत. सगळी उत्तरं पुरुषांच्या डिव्हिजन वन या सर्वात वरच्या गटापुरती आहेत.

प्रश्न : माझा भाचा अमेरिकेत ज्या विद्यापीठात शिकतो, तिथला संघ डिसेंबरच्या मध्यापर्यंत १० पैकी ९ सामने जिंकला होता. जानेवारीत तोच संघ ओळीने चार हरला आणि आता प्रशिक्षक बदला अशी ओरड सुरू आहे. एवढ्यात संघ बिघडतो कसा?

उत्तर : बहुतेक वेळा संघ तोच असतो, समोरचे बदललेले असतात. हंगाम नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होतो आणि नियमित हंगामात साधारण ३१ सामने होतात. त्यातले पहिले ११ ते १३ सामने कॉन्फरन्सबाहेरचे (कॉन्फरन्स म्हणजे दरवर्षी आपसांत साखळी खेळणाऱ्या कॉलेजांचा गट) असतात आणि तिथे प्रतिस्पर्धी कॉलेजनेच निवडलेला असतो. मोठी कॉलेजं लहान कॉलेजांना पैसे देऊन आपल्या मैदानावर बोलावतात. याला 'बाय गेम', म्हणजे विकत घेतलेला सामना, म्हणतात. यात परतीचा सामना नसतो. लहान कॉलेजचं क्रीडाखातं त्या रकमेवर वर्षाचा मोठा खर्च भागवतं आणि यजमानांच्या खात्यात एक विजय जमा होतो. म्हणून त्या ९ विजयांपैकी परक्या मैदानावरचे किती, हे आधी मोजा. एकही नसेल तर त्या ९ विजयांवरून फारसं काही ठरत नाही.

डिसेंबरच्या अखेरीपासून कॉन्फरन्सचे १८ ते २० सामने लागतात आणि त्यातले निम्मे बाहेर असतात. आता प्रतिस्पर्ध्याकडे तुमच्या डझनभर सामन्यांचं चित्रीकरण असतं. चाल रचणाऱ्या पॉइंट गार्डने कुठली खूण केली की कुठली चाल येते, हे त्यांना पाठ झालेलं असतं. आठवड्याला दोन सामने असल्यामुळे चुका दुरुस्त करायला जेमतेम एक-दोन सराव मिळतात. प्रवासही आहे. २०२४ पासून बिग टेन या कॉन्फरन्समध्ये १८ संघ आहेत. पूर्व किनाऱ्यावरच्या न्यू जर्सीतलं रटगर्स आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या लॉस एंजेलिसचं यूसीएलए आता एकाच कॉन्फरन्समध्ये खेळतात.

चारही पराभव तगड्या संघांविरुद्ध त्यांच्याच मैदानावर झाले असतील तर काळजी नको. तळाच्या संघांकडून घरच्या मैदानावर दोनदा हरले असतील तर मात्र खरंच काहीतरी बिनसलं आहे.

प्रश्न : २०२४ मध्ये इंडियाना स्टेटने २८ सामने जिंकले, फक्त ६ हरले, तरी त्यांना एनसीएए या कॉलेज क्रीडासंघटनेच्या स्पर्धेत जागा मिळाली नाही. निवड नेमकी कशावर होते?

उत्तर : त्या वर्षी ६८ पैकी ३२ जागा कॉन्फरन्सच्या विजेत्यांना थेट होत्या आणि उरलेल्या ३६ निवड समितीने भरल्या. (२०२५ मध्ये हे आकडे ३१ आणि ३७ झाले.) जवळजवळ सगळीकडे कॉन्फरन्सचा विजेता साखळीवरून ठरत नाही, मार्चमधल्या बाद पद्धतीच्या स्पर्धेवरून ठरतो. इंडियाना स्टेट साखळीत पहिले आले, पण मिसूरी व्हॅली या त्यांच्या कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात ड्रेककडून ८०-८४ हरले. थेट जागा गेली आणि सगळं समितीच्या हाती आलं.

समितीसमोरचा मुख्य कागद म्हणजे 'नेट' ही क्रमवारी. २०१८-१९ च्या हंगामात तिने आरपीआय या जुन्या क्रमवारीची जागा घेतली. प्रतिस्पर्ध्याचा नेट क्रमांक आणि सामन्याची जागा यांवरून प्रत्येक सामना चारपैकी एका चौकटीत पडतो. पहिल्या चौकटीत घरच्या मैदानावर १ ते ३० क्रमांकाचे, तटस्थ मैदानावर १ ते ५० चे आणि परक्या मैदानावर १ ते ७५ चे प्रतिस्पर्धी येतात. दुसऱ्या चौकटीची मर्यादा अनुक्रमे ७५, १०० आणि १३५. तिसरीची १६०, २०० आणि २४०. उरलेले सगळे चौथ्या चौकटीत. म्हणजे ७० व्या क्रमांकाच्या संघाला त्याच्या मैदानावर हरवलंत तर तो पहिल्या चौकटीतला विजय होतो आणि त्याच संघाला आपल्याकडे बोलावून हरवलंत तर दुसऱ्या.

इंडियाना स्टेट नेटमध्ये पहिल्या ३० च्या आत होते, पण पहिल्या चौकटीतले सामनेच त्यांच्या वाट्याला मोजके आले. त्यातच त्या आठवड्यात नॉर्थ कॅरोलायना स्टेट आणि ओरेगन यांच्यासारख्या संघांनी आपापल्या कॉन्फरन्स स्पर्धा अनपेक्षितपणे जिंकल्या आणि समितीच्या हातातल्या जागा कमी झाल्या. आमच्या मते हा अन्याय होता. मोठी कॉलेजं अशा संघाच्या मैदानावर जायला तयारच होत नाहीत, मग मोठे विजय त्यांनी आणायचे कुठून? त्यांच्या हातात एवढंच असतं की नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये तटस्थ मैदानावरच्या स्पर्धा आणि मोठ्या संघांच्या घरचे सामने घ्यायचे आणि चौथ्या चौकटीतले सामने शक्य तेवढे टाळायचे.

प्रश्न : आमचा आवडता संघ अचूकतेत पुढे असूनही सामना हरला. धावफलकाच्या कागदावरून याचं कारण शोधता येतं का?

उत्तर : येतं, आणि हंगाम समजून घ्यायचा असेल तर हे एक तंत्र शिकाच. खेळाचं एकक आहे पझेशन, म्हणजे चेंडू ताब्यात आल्यापासून तो समोरच्याकडे जाईपर्यंतची एक खेळी. एकाच सामन्यात दोन्ही संघांची पझेशन्स जवळजवळ सारखीच असतात. प्रश्न एवढाच, की त्यातून कोणी किती काढलं.

सूत्र असं : एकूण फटके, वजा आक्रमक रिबाउंड (आपलाच चुकलेला फटका परत मिळवणं), अधिक टर्नओव्हर (फटका न मारताच चेंडू गमावणं), अधिक फ्री थ्रोच्या (फाऊलबद्दल मिळणारा, कोणी न अडवता मारायचा एक गुणाचा थ्रो) संख्येला ०.४७५ ने गुणून येणारा आकडा. आक्रमक रिबाउंड वजा करायचा, कारण त्यात पझेशन संपत नाही, तेच पुढे चालू राहतं. फ्री थ्रो बहुधा दोनाच्या जोडीने मिळतात, पण बास्केटसोबतचा एक जादा थ्रो किंवा 'वन-अँड-वन'मधला (पहिला थ्रो गेला तरच दुसरा मिळतो, तो प्रकार) चुकलेला पहिला थ्रो यामुळे गुणक बरोबर अर्धा येत नाही.

कल्पित आकडे घेऊ. तुमच्या संघाने ५८ फटके मारले, २६ टाकले (म्हणजे बास्केटमध्ये गेले), त्यातले ८ तीन गुणांचे. फ्री थ्रो २० पैकी १४. आक्रमक रिबाउंड ९, टर्नओव्हर १२. गुण ७४. पझेशन्स : ५८ − ९ + १२ + ९.५ = ७०.५. समोरच्यांनी ६४ पैकी २७ टाकले, त्यातले ९ तीन गुणांचे, फ्री थ्रो १८ पैकी १५, आक्रमक रिबाउंड १२, टर्नओव्हर १०. गुण ७८ आणि पझेशन्स ७०.५५. दोघांना संधी सारख्याच मिळाल्या. शंभर पझेशन्समागे तुमचे गुण १०५, त्यांचे जवळपास १११.

आता अचूकता. साधी टक्केवारी फसवते, कारण ती तीन गुणांच्या बास्केटलाही दोन गुणांइतकीच मोजते. म्हणून टाकलेल्या एकूण बास्केटमध्ये तीन गुणांच्या बास्केटची निम्मी संख्या मिळवायची आणि मग एकूण फटक्यांनी भागायचं. तुमचे (२६ + ४) ÷ ५८, म्हणजे ५१.७ टक्के. त्यांचे (२७ + ४.५) ÷ ६४, म्हणजे ४९.२ टक्के. नेम तुमचाच चांगला होता. पण त्यांना ६ फटके जास्त मिळाले. तीन जादा रिबाउंड आणि दोन कमी टर्नओव्हर यांतून त्यातले पाच आले. उरलेला एक तुमच्या दोन जादा फ्री थ्रोंचा, कारण ते पझेशन फटक्याऐवजी थ्रोच्या रेषेवर संपलं.

हरण्याची कारणं इथे उघडी पडतात. फटका हवेत असताना तुमचे खेळाडू आपापल्या माणसाला पाठीने अडवत नव्हते, नुसते चेंडूकडे बघत होते. किंवा तीन गुणांच्या रेषेबाहेरून चुकलेला फटका लांब उसळतो आणि तो गोळा करायला बास्केटपासून लांब खेळणारे गार्ड खाली आलेच नाहीत. एका सामन्यावरून निष्कर्ष काढू नका. ओळीने पाच सामन्यांचे हे आकडे वहीत उतरवा. नेम दर सामन्याला वर-खाली होतो, पण टर्नओव्हर आणि रिबाउंडमधला दोष सहसा टिकून असतो आणि सरावात त्यावरच काम करता येतं.

प्रश्न : पहिल्या अर्ध्यात दोन फाऊल झाले की प्रशिक्षक सर्वोत्तम खेळाडूला बसवतात. पाच फाऊल होईपर्यंत खेळता येत असताना हे कशासाठी?

उत्तर : ही सवय सरसकट लावू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. समजा, आठव्या मिनिटाला दुसरा फाऊल झाला आणि खेळाडू मध्यंतरापर्यंत बसला. ४० मिनिटांच्या सामन्यात तो जास्तीत जास्त २८ मिनिटं खेळणार. पाचव्या फाऊलमुळे जी मिनिटं जाण्याची भीती होती, ती प्रशिक्षकाने स्वतःच घालवली. गार्ड असेल तर त्याला खेळू द्यावं आणि समोरच्या सर्वात कमी धोकादायक खेळाडूवर लावावं. बास्केटखाली बचाव करणाऱ्या उंच खेळाडूची गोष्ट वेगळी. त्याच्याकडे चाल येतच राहते आणि फाऊलच्या धास्तीने तो हात वर करायला कचरला तर त्याचा उपयोग उरत नाही. अशा वेळी झोन बचाव (प्रत्येकाने माणूस न धरता ठरलेली जागा सांभाळणं) लावणं किंवा खेळ थांबेल तेव्हा त्याला फक्त आक्रमणापुरतं आत घेणं हे मधले मार्ग आहेत.

संघाच्या फाऊलचा हिशेबही ठेवा. एका अर्ध्यात संघाचा सातवा फाऊल झाला की समोरच्याला 'वन-अँड-वन' मिळतो. त्यात पहिला थ्रो बास्केटमध्ये गेला तरच दुसरा मिळतो. दहाव्यापासून थेट दोन. ७० टक्के नेम असलेल्याला 'वन-अँड-वन'मधून सरासरी १.१९ गुण मिळतात, थेट दोन थ्रोंमधून १.४. ६० टक्केवाल्याला 'वन-अँड-वन'मधून जेमतेम ०.९६. शेवटच्या मिनिटात कोणाला धरायचं, हे यावरून ठरतं.

तीन गुणांची आघाडी आणि सहाएक सेकंद उरले असतील तर मुद्दाम फाऊल करणं योग्य, पण समोरचा बास्केटकडे पाठ करून ड्रिबल करत असतानाच. तो तीन गुणांच्या फटक्यासाठी उडाला असताना फाऊल झाला तर तीन थ्रो मिळतील. आणि फाऊल चेंडूवर हात घालूनच करायचा. नुसतं मिठी मारून धरलं तर पंच फ्लॅग्रंट, म्हणजे गंभीर फाऊल, देऊ शकतात, मग दोन थ्रो आणि वर चेंडूही त्यांचाच. साध्या फाऊलनंतर ते दुसरा थ्रो मुद्दाम चुकवतील, म्हणून बास्केटलगतच्या दोन्ही जागांवर आपले सर्वात ताकदवान रिबाउंडर उभे करा.

प्रश्न : साखळीत दहावा आलेला संघ फायनल फोरपर्यंत, म्हणजे एनसीएए स्पर्धेच्या शेवटच्या चारांत, कसा पोचू शकतो?

उत्तर : तुमचा रोख २०२४ च्या नॉर्थ कॅरोलायना स्टेटकडे दिसतो. नियमित हंगामात त्यांची कामगिरी १७-१४ होती आणि शेवटचे चार सामने ते हरले होते. एसीसी या त्यांच्या कॉन्फरन्सच्या वॉशिंग्टनमधल्या स्पर्धेत त्यांनी पाच दिवसांत पाच सामने जिंकले : लुईव्हिल, सिराक्यूज, ड्यूक, व्हर्जिनिया आणि शेवटी नॉर्थ कॅरोलायना, ८४-७६. उपांत्य सामन्यात व्हर्जिनियाविरुद्ध मायकेल ओ'कॉनेलचा अगदी शेवटच्या क्षणी बोर्डवर आपटून गेलेला तीन गुणांचा फटका नसता, तर जादा वेळ मिळालाच नसता आणि हंगाम तिथेच संपला असता.

नशिबापलीकडचं कारण डीजे बर्न्स. हा धिप्पाड डावखुरा खेळाडू बास्केटकडे पाठ करून चेंडू घ्यायचा. एकट्याने अडवला तर गुण, दोघे धावले तर मोकळ्या साथीदाराला पास. दोन सामन्यांमध्ये सरावाला वेळच नसताना असा खेळाडू सोन्यासारखा, कारण प्रतिस्पर्धी बदलला तरी चाल तीच चालते. शिवाय त्याचा खेळ संथ, त्यामुळे साथीदारांचे पाय वाचतात. पुढे आपल्या विभागात अकरावं मानांकन असताना त्यांनी एनसीएएचे चार सामने जिंकले आणि फायनल फोरमध्ये पर्ड्यूकडून ५०-६३ हरले.

प्रश्न : दरवर्षी निम्मा संघ नवा का दिसतो?

उत्तर : ऑक्टोबर २०१८ मध्ये ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची नोंदयादी, सुरू झालं. २०२१ पासून एकदा आणि २०२४ पासून कितीही वेळा, वर्षभर न बसता कॉलेज बदलता येतं, फक्त अभ्यासाच्या अटी पाळाव्या लागतात. जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमाई करता येते आणि जून २०२५ मधल्या न्यायालयीन तडजोडीनंतर कॉलेजही थेट पैसे देऊ शकतं. परिणाम नोव्हेंबरच्या बचावात दिसतो. पहिल्या सामन्याआधीच्या ४२ दिवसांत ३० सराव घेता येतात. आक्रमणाच्या चाली तेवढ्यात बसतात. पण स्क्रीन (साथीदारासाठी बचावपटूची वाट अडवून उभं राहणं) लागताना कोणी कोणाला हाक द्यायची आणि कोणी कोणाचा माणूस घ्यायचा, ही समज यायला डिसेंबर उजाडतो.

प्रश्न : माझा मुलगा तिथे शिकायला जातो आहे. शिष्यवृत्तीशिवाय संघात प्रयत्न करता येईल का?

उत्तर : अशा खेळाडूला 'वॉक-ऑन' म्हणतात. पूर्णवेळ प्रवेश हवा, पदवीच्या विद्यार्थ्याला साधारणपणे सत्राला किमान १२ क्रेडिट. एनसीएएच्या पात्रता केंद्राकडे नोंदणी करून बारावीपर्यंतचे गुण पाठवावे लागतात. संघनिवडीच्या चाचणीआधी वैद्यकीय तपासणी होते आणि त्यात सिकल सेल या रक्तातल्या आनुवंशिक दोषाचाही विषय येतो. जाण्यापूर्वीच प्रशिक्षकवर्गाला ईमेल पाठवून चाचणीची तारीख विचारावी. मात्र २०२५ च्या तडजोडीत सामील झालेल्या कॉलेजांना १५ खेळाडूंची मर्यादा आहे, त्यामुळे तिथे जागा फारच थोड्या. डिव्हिजन थ्री या खालच्या गटात शक्यता जास्त.

हंगामात आठवड्याला २० तास आणि दिवसाला ४ तास ही सरावाची कमाल मर्यादा आहे. सामना कितीही वेळ चालला तरी ३ तासच धरला जातो, आणि प्रवासाचा वेळ यात मोजतच नाहीत. अभ्यासाचं वेळापत्रक आखताना हे लक्षात घ्या. तो एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असेल तर जाहिरातीचे पैसे घेण्याआधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला लेखी विचारावं. एनसीएएची परवानगी असली तरी व्हिसाचे काम करण्यावरचे निर्बंध तसेच लागू राहतात.