दात कोरून पोट भरतं का?

'चित्रकलेच्या भरवशावर राहायची भीती वाटते, आणि डेंटिस्ट झाले तर माझी चित्रकला मरेल. काय करू?' हा प्रश्न थोड्याफार फरकानं दर वर्षी माझ्याकडे येतो. या वेळी तो घेऊन आलेली मुलगी सतरा वर्षांची होती. सोबत आई होती, आणि आईचं म्हणणं तयार होतं. "मॅडम, दात बनवणं ही कलाच ना? शिवाय सेवाही होते. तेवढं हिला पटवून द्या."

मी पटवायला लागले. ती माझी चूक.

दंतवैद्यकाचे विद्यार्थी सुरुवातीलाच मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरायला शिकतात, हे सांगितलं. (बाबा घरी म्हणालेच होते म्हणे, "दात कोरून पोट भरतं का?") पुढचा तुटलेला दात भरताना आत डेंटिनच्या (दाताच्या आतल्या भागाच्या) रंगाचा अपारदर्शक थर, त्यावर एनॅमलसारखा (दाताच्या बाहेरच्या कठीण आवरणासारखा) अर्धपारदर्शक थर. रंग जुळवायच्या प्रचलित शेड गाईडमध्ये छटाच १६. आणि छटा सुरुवातीलाच ठरवायची, कारण दात कोरडा पडला की मूळच्यापेक्षा पांढरा दिसतो. नव्यानं उगवलेल्या पुढच्या दाताच्या कडेला तीन बारीक उंचवटे असतात, वापरानं ते झिजतात. म्हणजे दातावर वयही दाखवावं लागतं. मुलगी रस घेऊन ऐकत होती. मग म्हणाली, "म्हणजे शेजारच्या दातासारखाच दात करायचा, कुणाला कळूसुद्धा नये असा. मग त्यात माझं काय?"

मला उत्तर सुचलं नाही. 'दंतवैद्यक ही कलाच आहे' असं आपण सहज म्हणून जातो; चित्रकार सही करतो आणि इथे काम ओळखू आलं तर ते फसलं, हे सांगायचं राहून जातं. ज्याला स्वतःचं काही म्हणायचंय त्याला हा फरक जाचतो.

पुढच्या भेटीत मी तिला अ‍ॅना कोलमन लॅडबद्दल सांगितलं. ही अमेरिकन शिल्पकार, दंतवैद्य नव्हे. पहिल्या महायुद्धात चेहरा छिन्नविच्छिन्न झालेल्या सैनिकांसाठी तिनं पॅरिसमध्ये तांब्याच्या पातळ पत्र्याचे मुखवटे घडवले. जखमी होण्याआधीचे फोटो समोर ठेवून चेहरा घडवायचा आणि मुखवटा त्या माणसानं घातलेला असतानाच त्वचेचा रंग जुळवायचा. आज कर्करोगात किंवा अपघातात कान, नाक गमावलेल्यांसाठी सिलिकॉनचे अवयव बनतात. कृत्रिम दात बसवण्याच्या शास्त्राचीच ती एक शाखा आहे. त्यात रंग कालवणारा हात लागतोच.

मुलगी गप्प बसली. आईला मात्र हुरूप आला, म्हणून मी लगेच पाणी ओतलं. एका परिचित डॉक्टरांच्या दवाखान्यात, रुग्णांच्या परवानगीनं, दोन दिवस नुसतं बसायला सांगितलं. आणि साबणाच्या वडीतून एकच दात तीनदा कोरायला दिला. तिसऱ्यांदा कंटाळा येतो की जास्त दिसायला लागतं, एवढंच बघायचं होतं.

ती परत आली ती तक्रार घेऊनच. "कला फारशी नव्हतीच. दात साफ करणं, काढणं, रूट कॅनाल. एक लहान मुलगा तोंडच उघडेना, त्याच्याशी डॉक्टर पाऊण तास बोलत बसले. त्यांची मान दुखते." एका तरुणाला दात तासून त्यांवर कवच बसवून हवं होतं, हसू फोटोसारखं दिसावं म्हणून. डॉक्टरांनी समजावून परत पाठवलं, कारण दात निरोगी होते आणि तासलेलं एनॅमल पुन्हा येत नाही. हे ऐकून मला बरं वाटलं. ज्याची नजर तयार असते त्याला सगळंच दुरुस्त करावंसं वाटतं; माझ्या मते हात आवरणं ही या पेशातली मोठी सेवा. आईच्या मनातली सेवा म्हणजे मोफत शिबिर होतं.

मग ती एका आजींबद्दल सांगू लागली. पूर्ण कवळीची मेणातली चाचणी होती. पक्की कवळी बनवण्याआधी मेणात बसवलेले दात तोंडात घालून बघतात. सगळे सरळ, सुंदर लावले होते. आजींनी आरशात पाहिलं आणि म्हणाल्या, "हे माझे नाहीत." डॉक्टरांनी जुना फोटो मागवला, मेण थोडं गरम केलं आणि पुढचा एक दात किंचित तिरका केला. आजींनी परत आरसा घेतला, तो बराच वेळ खाली ठेवला नाही.

"मुद्दाम वाकडा लावला, मॅडम," ती म्हणाली. "मला दिसलाच नसता."

मी साबणाचं विचारलं. तिनं रुमालातून पाच दात काढले. तीनच सांगितले होते.

"मग ठरलं ना?" आईनं विचारलं.

"चित्रांची वही वेगळी राहणार," मुलगी म्हणाली. "तिच्यात कुणासारखं काही काढायचं नाही." मी तिच्या बाजूनं बोलले. एका कामाची भूक दुसऱ्यानं भागत नाही, आणि आठवड्यातले वहीचे तास अभ्यासाच्या वेळापत्रकात आधीच लिहायला लावले.

अर्ज दंतवैद्यकाचाच भरला. साबणाच्या पाचातला एक माझ्या टेबलावर आहे. कडेचे तीन उंचवटे अगदी नीट उमटलेत, फक्त मधला जरा मोठा झालाय.