गोल्फमुळे कोपर दुखावलंय, खेळ बंद आहे, हे दिवस कसे काढायचे?

तुम्ही लिहिलंय की वय ४६, शनिवार-रविवार गोल्फ खेळता, उजव्या कोपराच्या आतल्या बाजूला दुखतंय, डॉक्टरांनी सहा आठवडे क्लबला (गोल्फच्या काठीला) हात लावू नका म्हणून सांगितलंय आणि घरात बसून नुसती चिडचिड होतीय. शेवटी विचारलंय की क्लबच्या स्टीलच्या शाफ्ट, म्हणजे दांड्या, बदलून ग्राफाइटच्या घ्याव्यात का. मी डॉक्टर नाही. सोलापुरात टॉवेलच्या धंद्यात आहे, पुण्याच्या गिऱ्हाइकांच्या नादाने गोल्फ लागला, आणि हेच दुखणं ह्याच कोपरात मलाही झालेलं, म्हणून लिहितोय.

तुमच्याकडे निदान आजूबाजूला गोल्फ खेळणारे तरी असतील. इथे सोलापुरात "गोल्फ खेळून हात दुखावलाय" असं सांगितलं की समोरचा आधी हसतो, मग विचारतो की त्यात हाताला लागण्यासारखं काय असतं ओ, चालायचंच तर असतंय. पहाटे उठून हुतात्मा एक्स्प्रेस पकडायची, पुण्यात येरवड्याला जाऊन खेळायचं आणि रात्री परत, हे सगळं बंद पडलं की नेमकं काय बंद पडलंय ते कुणाला सांगताच येत नाही. चिडचिडीचं अर्धं कारण हेच असतं, दुखणं नंतर.

आता पहिली गोष्ट. सहा आठवडे खेळू नका याचा अर्थ हात गळ्यात बांधून बसा असा नाही. डॉक्टर घाईत असतात, ते "आराम करा" म्हणतात आणि पुढच्या पेशंटला बोलावतात, आणि आपण घरी येऊन खरंच आराम करतो. मग सहा आठवड्यांनी दुखणं कमी झालेलं असतं कारण काही केलेलंच नसतं, आपण खुश होऊन रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर जातो, एक बादली बॉल मारतो आणि दुसऱ्या दिवशी चहाचा कप उचलताना परत तीच कळ. टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारा दोर, नुसत्या आरामाने मजबूत होत नाही, त्याला हळूहळू वाढत जाणारं काम द्यावं लागतं. हे दुखणं बहुतेक वेळा साधी सूज नसतेच, वारंवार ताण येऊन टेंडनच्या आतल्या धाग्यांची झीज झालेली असते, म्हणून गोळ्या खाऊन तात्पुरतं बरं वाटतं पण मूळ प्रश्न तसाच राहतो.

जागा समजून घ्या म्हणजे पुढचं सोपं जातं. मनगट तळव्याच्या बाजूला वाकवणारे आणि बोटांनी पकड घट्ट करणारे बरेचसे स्नायू कोपराच्या आतल्या हाडाच्या उंचवट्यावर एकाच ठिकाणी येऊन जोडलेले असतात. उजव्या हाताने खेळणाऱ्याचं उजवं मनगट डाउनस्विंगमध्ये, म्हणजे क्लब वरून खाली आणताना, जोरात सुटतं, आणि क्लब बॉलच्या आधी जमिनीला लागला तर तो सगळा धक्का त्या एका जागेवर जातो. गवतावर निदान क्लब माती कापून पुढे तरी निघतो, रेंजवर ज्या चटईवरून बॉल मारतात त्या मॅटखाली काँक्रीट असेल तर तो आदळतो. तुम्ही आठवड्यात मॅटवर किती बॉल मारता ते लिहिलं नाहीये, पण मला तिथेच शंका आहे. आणि हो, गोल्फ खेळणाऱ्यांना डाव्या कोपराला बाहेरच्या बाजूलाही दुखतं, ते वेगळं, त्याचे व्यायाम उलट्या बाजूचे असतात, उद्या तिकडे दुखायला लागलं तर हेच व्यायाम तिथे करू नका.

खेळ बंद केला तरी दुखणं चालूच राहतं, याचं कारण बहुतेकदा घरात असतं. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, मध्ये काही दिवस जातात, त्यामुळे पाणी आलं की घरातला प्रत्येक जण बादल्या, कळशा, पिंप भरायला धावतो. भरलेली बादली बोटांत लटकवून जिना चढणं म्हणजे त्याच स्नायूंवर तोच ताण, फरक एवढाच की इथे स्कोअर लिहीत नाहीत. मी अर्धी बादली आणि डावा हात असं सुरू केलं, जमेल तिथे पाइप लावला. स्कूटरचं अ‍ॅक्सिलरेटर हे दुसरं, आपल्या रस्त्यांवरून उजवी मूठ आवळून अर्धा तास गाडी चालवली की कोपर बोलायला लागतं, मूठ सैल धरायची सवय मुद्दाम लावावी लागते. ओली सोलापुरी चादर पिळणं तर विसराच, ते काम कुणाला तरी द्या किंवा तशीच निथळत टाका.

फिजिओथेरपिस्टकडे जाताना मला वाटायचं की तिथे सगळे खेळाडू असतील. बाकड्यावर माझ्या शेजारी एक मावशी बसायच्या, कडक भाकरीच्या ऑर्डरी घ्यायच्या, ज्वारीचं पीठ मळून मळून हात गेलेला, त्यांच्या पलीकडे एक गॅरेजवाला पोरगा. मावशींनी एकदा विचारलं, "तुमी काय काम करताव, हात असा व्हायला?" म्हटलं गोल्फ खेळतो. "आन् त्याचे पैशे मिळत्यात?" म्हटलं नाही, उलटे आपणच द्यायचे. त्या एवढ्या हसल्या की आतून फिजिओ बाई बघायला आल्या काय झालं म्हणून. मावशींना भाकरी बंद करून चालणारच नव्हतं, त्यामुळे त्यांचा सगळा इलाज काम चालू ठेवून, ऑर्डरी कमी-जास्त करून चालला होता, आणि खरं सांगायचं तर माझ्याआधी त्याच बऱ्या झाल्या. हे मी तेव्हापासून सगळ्यांना सांगतो.

व्यायाम सांगतो, पण एकदा फिजिओला दाखवून घ्या, वाकडं केलं तर उपयोग नाही. सुरुवातीला हात टेबलावर, तळवा वर, मूठ बंद, डाव्या हाताने ती मूठ खाली दाबायची आणि उजव्याने ती जागची हलू द्यायची नाही, ३० ते ४५ सेकंद धरायचं, असं चार-पाच वेळा. गंमत म्हणजे हे केल्यावर बऱ्याच जणांचं दुखणं तेवढ्यापुरतं कमीच होतं. ते सहज जमायला लागलं की अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली घ्या, मनगट टेबलाच्या कडेबाहेर, तळवा वरच, बाटलीसकट मनगट डाव्या हाताने वर आणायचं आणि फक्त उजव्या हाताच्या जोरावर तीन-चार सेकंद घेत हळूच खाली सोडायचं. खरं काम ह्या खाली सोडण्यात आहे, वर उचलण्यात नाही. १५ वेळा, असे तीन सेट. मग लिटरची बाटली, मग डंबेल. हातोडी दांड्याच्या टोकाला धरून मनगट सावकाश इकडून तिकडे फिरवणं हाही चांगला आहे कारण स्विंगमध्ये हात फिरतो तो असाच. रबराचा एक जाड दांडा मिळतो पिळायला, तो ऑनलाइन मागवता येतो, मी आपला टेरी टॉवेल घट्ट गुंडाळून त्यावरच केलं, सोलापूरच्या टॉवेलला जीआय टॅग आहे तो निदान इथे तरी कामाला आला.

दुखेल. थोडं दुखलेलं चालतं हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. दहापैकी तीन-चार एवढं दुखलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत मूळ पातळीला आलं तर ठीक, तसंच चालू ठेवायचं. सकाळी उठल्यावर आदल्या दिवसापेक्षा जास्त ठणकत असेल तर वजन कमी करायचं, व्यायाम बंद नाही करायचा. फरक जाणवायला सहा ते बारा आठवडे लागतात आणि पूर्ण बरं व्हायला काहींना वर्षही लागतं, बहुतेक जण ऑपरेशनशिवाय बरे होतात पण घाई केली की गाडी परत पहिल्या स्टेशनवर. कोपराखाली बांधायचा पट्टा मिळतो, तो दुखऱ्या जागेवर नाही तर तिच्या दोन बोटं खाली, स्नायूच्या फुगीर भागावर बांधायचा, कामाच्या वेळी मदत होते, झोपताना काढून ठेवा.

इंजेक्शनबद्दल कुणीतरी सांगेलच, "एक घ्या, आठवड्यात खेळाल". स्टिरॉइडचं इंजेक्शन पहिले काही आठवडे जादू वाटतं हे खरं आहे. पण बाहेरच्या बाजूच्या दुखण्यावर ऑस्ट्रेलियात १६५ जणांवर अभ्यास झाला होता, २०१३ मध्ये जामा या नियतकालिकात आला, त्यात वर्षभरात परत दुखणं उलटण्याचं प्रमाण इंजेक्शन घेतलेल्यांत ५४ टक्के आणि खोटं इंजेक्शन घेतलेल्यांत १२ टक्के निघालं. आतल्या बाजूला अगदी तेच आकडे येतील असं नाही, तरी मला एवढं पुरेसं होतं, मी नको म्हटलं. शुगर असेल तर आणखी जपून, स्टिरॉइडने ती काही दिवस वाढते. मालिशवाल्याकडे जाऊन ती जागा रगडून घेऊ नका, हळद-चुन्याचा लेप लावायचा तर लावा, आजीचं मन राहील. बर्फाने दुखणं तेवढ्यापुरतं दबतं, बास.

एक मात्र लक्षात ठेवा, करंगळीला आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या येत असतील, वस्तू हातातून सुटत असेल, किंवा शॉट मारताना "टक्" आवाज होऊन हात काळानिळा पडला असेल तर हे सगळं वाचत बसू नका, हाडांच्या डॉक्टरला दाखवा. त्या उंचवट्याच्या अगदी मागून करंगळीकडे जाणारी नस जाते, ती दाबली गेली तर मामला वेगळा.

आता दिवस कसे काढायचे. पटिंग, म्हणजे पटर नावाच्या क्लबने बॉल जमिनीवरून हळूच होलमध्ये ढकलणं. दुखणं निवळत आलं की फिजिओला विचारा, सगळ्यात आधी बहुतेक पटरचीच परवानगी मिळते कारण त्यात मनगटाचं काम जवळपास नसतंच. पार ७२ च्या कोर्सवर, म्हणजे अठरा होल ७२ फटक्यांत संपवायचे असं धरलेल्या मैदानावर, त्या ७२ मधले ३६ स्ट्रोक पटिंगचे धरलेले असतात, प्रत्येक होलला दोन, म्हणजे निम्मा खेळ तुमच्या हातात आहे आणि आपण एरवी त्याची प्रॅक्टिस कधीच करत नाही, खरं की नाही? हॉलमध्ये सतरंजी अंथरा, शेवटाला स्टीलचा पेला आडवा ठेवा. खऱ्या होलचा व्यास १०८ मिलिमीटर असतो, पेल्याचं तोंड त्याच्यापेक्षा बरंच लहान, त्यामुळे नंतर ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक गवतावर गेल्यावर होल एकदम ऐसपैस वाटतं. खालच्या मजल्यावरचे तक्रार करतात एवढाच तोटा, पेल्याला बॉल लागला की रात्री साडेदहाला ठण्णकन आवाज होतो.

बाकी वेळ पायांना आणि कमरेला द्या. मी सकाळी कंबर तलावाला चकरा मारायचो, उन्हाळ्यात सहालाच निघावं लागतं नाहीतर आमचं ऊन माहितीये तुम्हाला. परत येऊन कंबर आणि पाठ फिरवायचे व्यायाम. कंबर नीट वळत नाही म्हणून आपण हाताने ओढून मारतो आणि ते बिल कोपर भरतं. आणि तुमची शनिवारची चौकडी सोडू नका, नऊ होल त्यांच्याबरोबर नुसते चाला, वाटल्यास त्यांच्या पटची दिशा बघून द्या, त्यांनाही उपयोग. सुरुवातीला जीव जळतो, नंतर दुसऱ्याचा स्विंग बघायची मजा यायला लागते.

सचिनचं आठवत असेल. २००४ मध्ये डाव्या कोपराने घात केला, ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या पहिल्या दोन टेस्ट गेल्या, नागपूरला तो परत आला, पण दुखणं संपलं नव्हतं, मे २००५ मध्ये लंडनला ऑपरेशन झालं आणि ऑक्टोबरमध्ये परत नागपूरलाच श्रीलंकेविरुद्ध उतरून ९३ काढले. त्याच्या दिमतीला सगळं जग होतं तरी एवढा वेळ लागला, आपण तर रविवारचे खेळाडू, आपल्याला कसली घाई, कुठली कसोटी चुकतीय.

परत खेळायला लागाल तेव्हा पहिले काही आठवडे चिपिंग (ग्रीनजवळचे छोटे फटके), मग वेज आणि नऊ नंबर हे जवळच्या फटक्यांचे क्लब अर्ध्या स्विंगने, बॉल टीवर (छोट्या खुंटीवर) ठेवून म्हणजे जमिनीला लागायची भीती नाही, आणि मॅट शक्यतो टाळून. मग लांब आयर्न (लांब दांड्याचे लोखंडी क्लब), ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारायचा क्लब, सगळ्यात शेवटी. एक दिवस खेळलात तर एक दिवस सुट्टी. पार्टनरला आधीच सांगून ठेवा की फेअरवेवरही (मधल्या गवताच्या पट्ट्यावरही) टी लावणार आहे, मैत्रीच्या खेळात कुणी काही म्हणत नाही.

आणि शाफ्टचं म्हणाल तर ग्राफाइट धक्का कमी पोचवते, वजनालाही हलकी असते, कोपराला बरीच. पण अख्खा सेट बदलायच्या आधी ग्रिप, म्हणजे हातात धरायची रबरी मूठ, बघा. झिजून गुळगुळीत झालेली किंवा हाताला बारीक पडणारी ग्रिप असली की क्लब सुटू नये म्हणून आपण नकळत मूठ आवळतो आणि सगळा ताण तिथूनच सुरू होतो, नव्या ग्रिप शाफ्टच्या मानाने खूप स्वस्त पडतात. आधी त्या टाका, दोन महिने खेळून बघा, मग पैसे खर्च करायचे का ते ठरवा.