ऑनलाइन वाचन-लेखन घेणार आहेस तर

चौथी-पाचवीच्या मुलांचा सलग तासभर वर्ग ठेवू नकोस. ४० मिनिटं पुरे, आणि एका वेळी पाच-सहाच मुलं. सगळ्यांना एकसुरात वाचायला लावलंस तर नेटमुळे आवाज मागेपुढे होऊन नुसता कालवा होतो. एकाने वाचायचं, बाकीच्यांनी माइक बंद ठेवून ओळीवर बोट धरायचं. मजकूर विकत घेऊ नकोस. आपल्या बालभारतीचं 'किशोर' १९७१ पासून निघतंय, जुने अंक ऑनलाइन फुकट मिळतात.

लेखन मात्र वहीतच. मोबाइलवर कीबोर्डच शब्द सुचवतो, मग ऱ्हस्व की दीर्घ हा प्रश्न मुलाला पडतच नाही. पानाचा फोटो मागव आणि दोन-तीनच चुका दाखव; लाल पेनाने रंगवलेलं पान कुणी वाचत नाही.

'माझी सहल' तर देऊच नकोस, सगळ्यांची सहल सिंहगडावर जाते आणि 'खूप मजा आली'वर संपते. त्यापेक्षा स्वारगेटहून आपल्या घरी कसं यायचं ते पाहुण्यासाठी लिहायला सांग. ते दुसऱ्या मुलाने वाचायचं आणि अडेल तिथे विचारायचं. "पण उतरायचं कुठे?" असं आलं की पहिला आपणहून वाक्य वाढवतो.

आणि हो, कॅमेऱ्याबाहेरून उत्तरं पुटपुटणाऱ्या आयांना पहिल्याच दिवशी गोड बोलून उठव.