वाचकांचे प्रश्न : पाणबुडीच्या खेळाला कोणता मॉड?

प्रश्न : मी 'सायलेंट हंटर ३' हा दुसऱ्या महायुद्धातील जर्मन पाणबुडी चालवण्याचा, २००५ सालचा संगणकावरील खेळ नुकताच घेतला. नोकरीमुळे आठवड्यातून दोन-तीन रात्री तासाभराची सवड मिळते. नेम धरण्याचे गणित स्वतः करायला मला फार आवडते. पण विनाशिका मागे लागल्या की माझी पाणबुडी हटकून बुडते. मित्र म्हणतात, 'ग्रे वुल्व्ज' हा मॉड (खेळात बदल करणारी, चाहत्यांनी बनवलेली भर) घातल्याशिवाय या खेळात अर्थ नाही. आपले मत काय? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : 'ग्रे वुल्व्ज'बद्दलचे आपल्या मित्रांचे प्रेम मी समजू शकतो. त्यात बंदरे गजबजतात, जहाजांचे प्रकार वाढतात आणि विनाशिका मूळ खेळापेक्षा अधिक चिवटपणे पाठलाग करतात. मात्र हा मॉड सुरू होण्यासच काही मिनिटे लागतात आणि एका ताफ्याच्या तावडीतून सुटता सुटता अख्खी संध्याकाळ सरते. ज्याला रविवारची दुपार मोकळी आहे, त्याला मी हेच नाव प्रथम सांगेन. आपल्याला सांगणार नाही.

आपल्या पत्रातील नेमाच्या गणिताचा उल्लेख मला सर्वांत महत्त्वाचा वाटला. डोलकाठीच्या उंचीवरून अंतर काढणे, जहाजाची दिशा अजमावणे आणि घड्याळ लावून वेग मोजणे यात ज्याचा जीव रमतो, त्याने 'एनवायजीएम' हा मॉड घ्यावा, असे माझे ठाम मत आहे. मूळ खेळात पुरेसा मार बसला की जहाज बुडते. या मॉडमध्ये मात्र पाणी कोठे आणि किती शिरले यावर सारे अवलंबून असल्यामुळे, पाणतीर (टॉर्पेडो) वर्मी लागूनही एखादे मालवाहू जहाज कित्येक तास तरंगत राहू शकते. सात-सी या जर्मन प्रकारच्या पाणबुडीत पाणतीर चौदाच असतात. त्यामुळे दुसरा आताच सोडावा की थांबून पाहावे, हा प्रश्न खरोखर जिवाला घोर लावतो आणि पहिला नेम अचूक बसवण्याचे मोल कळते. थांबण्याचा काळ खेळातील घड्याळ वेगाने पुढे नेऊन आटोपता येतो.

विनाशिकांची अडचण मात्र कोणताही मोठा मॉड सोडवणार नाही. उलट ती वाढेल. म्हणून आधी मूळ खेळातच १९३९ सालापासून नवी कारकीर्द सुरू करावी, कारण त्या काळात संरक्षक जहाजे थोडी आणि एकटी-दुकटी मालवाहू जहाजे पुष्कळ असतात. अशी शिकार तासाभरात पुरीही होते. पाठलाग चुकवण्याचा हात बसला की मगच मॉड घालावा.

तो घालताना 'जेएसजीएमई' हे छोटे साधन वापरावे. ते मूळ फाइली जपून ठेवते. दोन मोठे मॉड एकावर एक कधीही चढवू नयेत, कारण दोन्ही त्याच फाइली बदलतात. पाणबुडी समुद्रात असताना साठवलेल्या (सेव्ह केलेल्या) खेळावर मॉड बदलल्यास तो खेळ बिघडतो, तेव्हा हा बदल पाणबुडी बंदरात असतानाच करावा आणि शक्यतो कारकीर्दही नवी घ्यावी.

प्रश्न : अटलांटिकऐवजी आपल्या हिंदी महासागरात जर्मन पाणबुडी चालवता येईल का? – एक वाचक, मडगाव

उत्तर : येईल, त्यासाठी २००७ सालचा 'सायलेंट हंटर ४', त्याची 'यू-बोट मिशन्स' ही पुरवणी आणि 'ऑपरेशन मॉन्सून' हा मॉड घ्यावा. १९४३ मध्ये युरोपातून निघालेल्या 'मॉन्सून' या जर्मन गटातील ज्या पाणबुड्या वाटेत बचावल्या, त्या १९४३ च्याच अखेरीस मलायातील पेनांग बंदरात पोहोचल्या होत्या. येथे अंतरे प्रचंड आणि जहाजे विरळ असल्याने, नकाशावर मार्ग आखत शांतपणे प्रवास करण्यात ज्याला आनंद वाटतो, त्यालाच हा मॉड मानवेल. दर रात्री एक तरी जहाज बुडवायचे असेल, तर अटलांटिकच बरा.