वाचक विचारतात : रेंडरच्या मशीन आणि अपडेटची वेळ

प्रश्न : नागपूरच्या धरमपेठेत आमचा वास्तुरचनांची थ्रीडी दृश्यं करणारा छोटा स्टुडिओ आहे. रेंडरसाठी, म्हणजे थ्रीडी दृश्याची अंतिम चित्रं (फ्रेम) तयार करायला, आठ कॉम्प्युटर आहेत. सगळ्यांवर विंडोज ११ प्रो, एन्व्हिडियाची ग्राफिक्स कार्डं आणि ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर. परवा रात्री काम लावून घरी गेलो, तर सकाळी तीन मशीन अपडेट होऊन रीस्टार्ट झालेल्या दिसल्या. अपडेट कायमचे बंद करून टाकावेत का?

उत्तर : कायमचे बंद नको, पण अपडेट कधी घ्यायचे हे तुम्ही ठरवा. रीस्टार्टने एक रात्र जाते आणि ती सकाळी लगेच कळते. खरी काळजी वेगळीच आहे. आठपैकी तीन मशीन पुढे गेल्या, पाच मागे राहिल्या, आणि एकाच शॉटच्या फ्रेम दोन्हींकडे वाटल्या गेल्या. ग्राफिक्स कार्ड चालवणारा ड्रायव्हर किंवा ब्लेंडरची आवृत्ती बदलली की डिनॉइझरचा, म्हणजे चित्रातले ठिपके पुसणाऱ्या सोयीचा, परिणाम किंचित बदलू शकतो. एक फ्रेम पाहून ते कळत नाही. सलग चालवल्यावर साध्या गिलाव्याची भिंत लुकलुकायला लागते. म्हणून नवं काय आलंय यापेक्षा आठही मशीन सारख्या आहेत की नाहीत, हे आधी बघा.

ग्रुप पॉलिसी एडिटर उघडा. कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, विंडोज कॉम्पोनंट्स, विंडोज अपडेट या वाटेने जाऊन ‘कॉन्फिगर ऑटोमॅटिक अपडेट्स’मध्ये पर्याय २ निवडा. मग विंडोज फक्त सूचना देईल. डाउनलोड आणि इन्स्टॉल तुमच्या हातात. तिथेच अपडेटसोबत ड्रायव्हर न घेण्याची पॉलिसी आहे, तीही चालू करा. नाहीतर ग्राफिक्स ड्रायव्हर तुमच्या नकळत बदलेल. विंडोजच्या होम आवृत्तीत हा एडिटर मिळत नाही. ‘ॲक्टिव्ह अवर्स’वर (ज्या तासांत विंडोज आपोआप रीस्टार्ट होत नाही) विसंबू नका, ते जास्तीत जास्त १८ तासांचे लावता येतात आणि तुमच्या मशीन रात्रभर राबतात. ‘पॉज’सुद्धा पाच आठवड्यांपुरतंच.

मायक्रोसॉफ्टचे मासिक अपडेट दुसऱ्या मंगळवारी येतात, आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा किंवा साडेअकरा झालेले असतात. त्या आठवड्यातल्या शनिवारी एकच मशीन अपडेट करा. आठवडाभर ती नेहमीच्या कामाबाहेर ठेवून तिच्यावर चाचण्या घ्या. सगळं ठीक असेल तर पुढच्या शनिवारी उरलेल्या सात, पण चालू काम ग्राहकाला दिल्यानंतरच. विंडोज अपडेटच्या डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन या सेटिंगमध्ये ‘स्थानिक नेटवर्कवरची उपकरणं’ हा पर्याय चालू ठेवला, तर मशीन बराचसा भाग एकमेकींकडून घेतात आणि तोच डाउनलोड आठ वेळा होत नाही.

चाचणीसाठी काच, झाडं आणि मऊ सावल्या असलेला एक सीन कायमचा राखून ठेवा. सीड, म्हणजे रेंडरमधले यादृच्छिक ठिपके ठरवणारा आकडा, बदलू नका. अपडेटआधीची आणि नंतरची फ्रेम एकमेकींवर ठेवून ‘डिफरन्स’ मोडमध्ये पाहा, एक्स्पोजर वाढवून. काळं दिसलं तर चांगलं, म्हणजे फरक नाही. वेळही मोजा, पण दुसऱ्या रेंडरची. ड्रायव्हर बदलल्यावर पहिल्या रेंडरला कर्नल (ग्राफिक्स कार्डावर चालणारे छोटे प्रोग्रॅम) नव्याने तयार होतात आणि काही मिनिटं त्यातच जाऊ शकतात.

एन्व्हिडियाचा स्टुडिओ ड्रायव्हर एकदाच उतरवून सामायिक फोल्डरमध्ये ठेवा आणि तीच फाइल आठही ठिकाणी ‘क्लीन इन्स्टॉल’ करा. ब्लेंडर इन्स्टॉलरने घेऊ नका, झिप घ्या. प्रत्येक आवृत्तीचं फोल्डर वेगळं, म्हणजे जुनं काम जुन्या आवृत्तीतच पूर्ण होतं. ४.२ पासून त्या फोल्डरमध्ये ‘पोर्टेबल’ नावाचं फोल्डर केलं की सेटिंग आणि ॲड-ऑनही तिथेच राहतात, ते उचलून आठही मशीनवर ठेवा. आवृत्ती एलटीएसच (दीर्घकाळ दुरुस्त्या मिळणारी) निवडा. तिला दोन वर्षं दुरुस्त्या मिळतात, ४.५ एलटीएस जुलै २०२५ मध्ये आली.

आणि व्हिडिओ फाइल थेट रेंडर करू नका. फ्रेम वेगवेगळ्या चित्रांत जतन केल्या तर मशीन मध्येच बंद पडली तरी चालू होती तेवढीच फ्रेम वाया जाते.

प्रश्न : विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती घेतल्यापासून आमच्या दोन मशीनवरच्या फ्रेम गुलाबी येतात. टेक्श्चर (पृष्ठभागांवर लावायची चित्रं) नॅसवर, म्हणजे नेटवर्कवरच्या सामायिक साठवणुकीवर आहेत, नॅसला पासवर्ड नाही. (प्रतापनगर, नागपूर)

उत्तर : गुलाबी म्हणजे ब्लेंडरला टेक्श्चर सापडलं नाही. २४एच२ मध्ये प्रो आवृत्तीला पासवर्डविना गेस्ट प्रवेश बंद आहे आणि एसएमबी सायनिंग (नेटवर्कवरून फायली देता-घेताना डिजिटल सही तपासणं) सक्तीचं आहे. जुनी सवलत रजिस्ट्रीतून (विंडोजच्या अंतर्गत सेटिंगमधून) परत चालू करण्याचे उपाय सुचवले जातात. ते करू नका, त्याने सगळ्या फायली उघड्या पडतात. नॅसवर ‘रेंडर’ नावाचा पासवर्ड असलेला युजर करा, नॅसच्या सेटिंगमध्ये सायनिंग चालू करा. मग ज्या विंडोज खात्यातून रेंडर चालतं, त्याच खात्यात तो पासवर्ड जतन करा. इथे बरेच जण चुकतात. रेंडर सर्व्हिस म्हणून, म्हणजे लॉगिनशिवाय पार्श्वभूमीत, चालत असेल, तर तुम्ही जोडलेला ‘झेड’ ड्राइव्ह तिला दिसतच नाही. टेक्श्चरचे पत्ते ड्राइव्हच्या अक्षराऐवजी नॅसच्या नावापासून लिहा.

प्रश्न : बायोस (मशीन सुरू करणारं मदरबोर्डवरचं सॉफ्टवेअर) अपडेटही दर महिन्याला करावा का?

उत्तर : नाही. नवं कार्ड चालत नसेल किंवा सुरक्षेची त्रुटी असेल तरच. करायचा तर मशीन यूपीएसवर हवी, यूपीएसची बॅटरी आधी तपासलेली हवी. मे महिन्यातली नागपूरची दुपार टाळा: बायोस लिहिला जात असताना वीज गेली, तर मदरबोर्ड सुरूच होणार नाही, अशी वेळ येऊ शकते.