फोल्डरला मराठीत काय म्हणावं? माझं मत : खण

अंबाजोगाईहून एका शिक्षिकेची विचारणा आली आहे. आजीच्या जात्यावरच्या ओव्या त्यांनी खिशात मावणाऱ्या डिजिटल रेकॉर्डरवर भरून घेतल्या आहेत आणि त्यांची नोंद आता वहीत करायची आहे. "फाईल म्हणजे धारिका आणि फोल्डर म्हणजे संचिका, की उलटं? आमच्याकडं तर दोन्ही शब्द कुणी बोलत नाही."

उलटसुलट दोन्ही चालतं, आणि खरी अडचण तीच आहे. मराठी विकिपीडियावर 'संचिका चढवा' असं असतं, तिथे संचिका म्हणजे फाईल. सरकारी मराठीत कागदांच्या फाईलला नस्ती म्हणतात, धारिकाही म्हणतात. फोल्डरसाठी कुणी धारिका वापरतं, कुणी संचिका. ज्या जोडीतलं कोणतं कशासाठी हे दर वेळी विचारावं लागतं, ती जोडी वहीत काय कामाची?

फाईल हा शब्द मात्र मी राहू देईन. त्याच्या मुळाशी लॅटिनमधला धागा आहे. कागद दोऱ्यात ओवून ठेवत, तो दोरा म्हणजे फाईल. नस्तीचा संबंधही मी दोऱ्याशीच लावतो, कारण संस्कृतात नाकात वेसण घातलेल्या बैलाला 'नस्तित' म्हणतात. आणि ओवी तर ओवण्यातूनच आली असं मानतात. तेव्हा ओवीची फाईल होणं म्हणजे दोऱ्यानं दोऱ्याला गाठ मारण्यासारखं आहे. आपल्या मराठवाड्यात आणखी एक शब्द होता, मिसल. निजामाच्या राज्यात कोर्टकचेरीचा कारभार उर्दूत चाले आणि खटल्याच्या कागदांचं जुडगं म्हणजे मिसल. शब्द छान आहे, पण आजीच्या आवाजाला कोर्टाची पायरी कशाला चढवायची?

फोल्डरची गोष्ट वेगळी. कंप्युटरवरचा फोल्डर आपण हवा तेव्हा तयार करतो, एकात दुसरा घालतो. त्याला पिशवी म्हणा, गाठोडं म्हणा. छोट्या रेकॉर्डरमध्ये बहुधा तसं नसतं. ऑलिंपस कंपनीच्या बऱ्याच मॉडेलांत ए, बी, सी, डी, ई असे पाच फोल्डर कारखान्यातूनच येतात आणि एकात जास्तीत जास्त २०० फायली मावतात. सहावा करायला बटण नाही. भिंतीतला कोनाडा जसा घर बांधतानाच ठरतो, तसं हे. म्हणून माझी पसंती 'खण' या शब्दाला. कपाटाला खण असतात, आणि मराठवाड्यात घरही खणांनीच मोजायची रीत आहे : तीन खणांचं माळवद (सपाट मातीच्या छताचं घर), पाच खणांचं माळवद. तुमचा रेकॉर्डर म्हणजे पाच खणांचं माळवद. 'खण भरला' म्हटलं की समजावून सांगावं लागत नाही. कळंबकडच्या माझ्या मावशीला मी हा शब्द ऐकवला, तर तिनं लगेच विचारलं, "मग मव्हा आवाज कोन्या खणात ठिवलास?" परीक्षा तिथेच संपली. (ओटीतला खण आठवून कुणी हसेल. हसू द्या.)

क्रियापदं तर तुमच्याकडं आधीच आहेत. 'ध्वनिमुद्रण करणे' लेखात ठीक. बोलताना आपण कॅसेट 'भरून' घ्यायचो, मोबाईलच्या दुकानात गाण्यांचं मेमरी कार्ड 'भरून' मिळायचं. तेच वापरा. फाईल एका खणातून दुसऱ्यात 'हलवा', 'स्थलांतरित' करू नका. डिलीटला 'पुसणे', कॅसेटही पुसलीच जायची. फक्त खेड्यात पुसणे म्हणजे विचारणेही होतं, तेव्हा आजीला पुसून मग पुसा.

आता एक शब्दभेद, जो चुकला तर वही फुकट जाईल : क्रमांक आणि नाव. पडद्यावर दिसणारा 'सी खणातली १२वी' हा क्रमांक आहे. अशा रेकॉर्डरांत मधली एक फाईल पुसली की पुढच्या सगळ्या एकेक घर मागं सरकतात आणि तेरावी बारावी होते. जात्यावर बायका 'पहिली ओवी अमक्याला, दुसरी ओवी तमक्याला' अशी गणती करतात, ती मोडत नाही. यंत्राची मोडते. फाईलचं नाव मात्र तेच राहतं, आणि ते बहुतेक वेळा तारीख व अनुक्रमांक मिळून झालेलं असतं. वहीत नावच लिहा. इथं माझी फजिती झालेली आहे. भारुडं भरायला गेलो, सेल बराच वेळ काढून ठेवलेले होते, घड्याळ मूळपदावर गेलं आणि सगळी भारुडं १ जानेवारीची झाली. कोणतं आधी, कोणतं नंतर, हे शेवटी त्यात ऐकू येणाऱ्या कुत्र्याच्या भुंकण्यावरून लावलं. तेव्हापासून मी प्रत्येक फाईलच्या सुरुवातीला गाव, तारीख आणि गाणारीचं नाव तोंडानं बोलतो.

कंप्युटरवर नवं नाव देताना वर्ष आधी, मग महिना, मग दिवस, आणि आकड्यापुढं शून्य. नुसते १, २, १० लिहिले तर बऱ्याच ठिकाणी १० ही २च्या आधी जाऊन बसते. हेमा राईरकर आणि गी पॉयटवॅं यांच्या जात्यावरच्या ओव्या जमवण्याच्या प्रकल्पात लाखावर ओव्या जमल्या, त्यात माजलगावच्याही आहेत. तिथे गाणारी, गाव आणि विषय अशी नोंद आहे. तुमच्या वहीतही ओळ एवढीच पुरे :

खण बी, फाईल २४१११२_०००३, आजी, अंबाजोगाई, भावाच्या ओव्या, मध्ये जातं थांबतं.